फीडबॅकचा रिपोर्ट आलाय, पण तो वाचायचा कसा?

सेमिस्टर संपलं की काही आठवड्यांनी विद्यार्थ्यांनी तुमच्या शिकवण्यावर भरलेल्या फॉर्मचा तो रिपोर्ट येतो. वर तुमचं नाव, खाली विषयाचं नाव, आणि मधोमध एक आकडा, ५ पैकी ३.४. शेजारच्या रकान्यात डिपार्टमेंटचं ॲव्हरेज ३.९. झालं, मग दिवसभर डोक्यात तेच, आपण अर्ध्या पॉइंटने मागे, शेजारच्या केबिनमधले सर ४.५ वर आणि ते तर नुसत्या स्लाइड्स वाचून दाखवतात वगैरे वगैरे. बरं, ज्यांना ४.५ मिळालेत ते तरी कुठे नीट वाचतात, रिपोर्टचा फोटो काढून ठेवला की विषय संपला.

हे लिहितोय ते या दोघांसाठी, आणि हे आकडे हातात धरून कुणाचं प्रमोशन करायचं आणि कुणाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं हे ठरवणाऱ्यांसाठी पण. विद्यार्थ्यांचं रेटिंग केराच्या टोपलीत टाकायचं नाहीये आणि डोक्यावर घेऊन नाचायचंही नाहीये. त्यात कामाची माहिती असते. फक्त आपण ती "यांच्या वर्गात पोरं किती शिकली" या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचतो, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

आधी किती जणांनी भरलाय ते बघा

ॲव्हरेजचा आकडा झाकून ठेवा, खरंच हाताने झाका, आणि आधी दोनच गोष्टी शोधा, वर्गात पोरं किती आणि फॉर्म भरला किती जणांनी. बऱ्याच रिपोर्टमध्ये हे कुठेतरी तळाशी बारीक अक्षरात असतं, काहींमध्ये तर नसतंच. नसेल तर मागून घ्या, त्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही.

का, ते सांगतो. हर्बर्ट मार्श म्हणून या विषयातले मोठे अभ्यासक आहेत, १९८० च्या दशकात त्यांनी ढीगभर वर्गांचे फॉर्म तपासून बघितलं की रेटिंग किती स्थिर असतं, म्हणजे त्याच वर्गातला दुसरा गट विचारला असता तरी साधारण तोच आकडा आला असता का. १ म्हणजे एकदम पक्कं, ० म्हणजे निव्वळ नशीब असं धरलं तर ५० जणांच्या ॲव्हरेजची विश्वासार्हता ०.९५ च्या आसपास, २५ जणांची ०.९०, १० जणांची ०.७४, ५ जणांची ०.६०, आणि एकट्या विद्यार्थ्याची फक्त ०.२३. म्हणजे वर्ग भरून लोकांनी फॉर्म भरला असेल तर "पोरं काय, मूड असेल तसं टिकमार्क करतात" हे म्हणणं टिकत नाही, एकेकटा मूडवर करत असेलही पण पन्नास जणांचे मूड एकमेकांना खाऊन टाकतात आणि जे उरतं ते बऱ्यापैकी ठाम असतं. पण सहा जणांच्या इलेक्टिव्हचं (आवडीने निवडलेल्या विषयाचं) ॲव्हरेज आणि साठ जणांच्या वर्गाचं ॲव्हरेज एकाच टेबलात एकाखाली एक छापून त्यांची तुलना करणं हा मात्र शुद्ध वेडेपणा आहे, आणि तो सर्रास चालतो.

आता हात काढा, आकडा बघा. पण ॲव्हरेज नको, किती जणांनी ५ दिले, किती जणांनी ४ दिले, ते बघा. समजा वर्गात ६० जण आणि फॉर्म भरला १५ जणांनी. एका मॅडमना मिळाले सात जणांकडून ५, एकाकडून ४, एकाकडून ३, तिघांकडून २ आणि तिघांकडून १. बेरीज ५१, ॲव्हरेज ३.४. दुसऱ्या एका सरांना एकाकडून ५, पाच जणांकडून ४, आठ जणांकडून ३, एकाकडून २. याचीही बेरीज ५१, ॲव्हरेज ३.४. कागदावर दोघं सेम टू सेम. पण सरांचा वर्ग "ठीके, चाललंय" म्हणणारा आहे आणि मॅडमच्या वर्गाची सरळ फाळणी झालीये, निम्म्या लोकांना त्या प्रचंड आवडल्यात आणि सहा जण पार वैतागलेत. सरांनी काय करायचं आणि मॅडमनी काय करायचं ही दोन पूर्ण वेगळी उत्तरं आहेत, आणि ३.४ या आकड्यातून त्यातलं एकही दिसत नाही.

आता त्याच मॅडमच्या वर्गात १ देणाऱ्यांपैकी फक्त एकाचं मन बदललं आणि त्याने ४ दिले, तर ॲव्हरेज ३.६ होतं. एका पोराने ०.२ हलवलं. आणि डिपार्टमेंटमध्ये ३.५ च्या वर आणि खाली अशी रेघ मारलेली असेल तर त्या एका पोराने मॅडमना रेघेच्या पलीकडे नेलं. ज्यांना स्टॅटिस्टिक्स येतं त्यांनी या पंधरा आकड्यांची स्टँडर्ड एरर काढून बघा, ०.४५ च्या आसपास येते, म्हणजे खरा आकडा साधारण २.५ ते ४.३ मध्ये कुठेही असू शकतो. एवढ्या मोठ्या पट्ट्यात अख्खं डिपार्टमेंट मावेल.

आणि हे सुद्धा कधी, तर ते पंधरा जण चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे असतील तेव्हा. तसे ते नसतात. उरलेले ४५ जण फॉर्म न भरता गेले, त्यांचं मत सरासरी ४ असेल तर अख्ख्या वर्गाचं ॲव्हरेज ३.८५, आणि ३ असेल तर ३.१. फॉर्म वर्गात कागदावर भरून घ्यायचे तेव्हा निदान त्या दिवशी हजर असलेले सगळे भरायचे, ऑनलाइन झाल्यापासून भरणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी घसरलं. यावर उपाय साधा आहे, लेक्चरच्या सुरुवातीला दहा मिनिटं द्या, फोनवरच भरू दे, तुम्ही वर्गाबाहेर जाऊन उभे रहा. शेवटी नको, सुरुवातीला, शेवटी दिलं की सगळे बॅग उचलून पळतात.

डिपार्टमेंटच्या ॲव्हरेजशी तुलना करताना

पहिली गोष्ट, कुणीतरी ॲव्हरेजच्या खाली असणारच आहे. सगळे उत्तम शिकवत असले तरी असणारच आहे. "ॲव्हरेजपेक्षा कमी असलेल्यांनी सुधारणा करावी" असं पत्र काढणाऱ्या कमिटीला हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं, कारण सगळे सुधारले तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच पत्रं निघतील.

दुसरी, विषय कुठला ते बघा. गणित, स्टॅटिस्टिक्स, फिजिक्ससारख्या आकडेमोडीच्या विषयांना साधारण कमी रेटिंग मिळतं, भाषा-साहित्याच्या विषयांना जास्त. कंपल्सरी कोर्सपेक्षा आवडीने घेतलेल्या कोर्सला जास्त. ज्यांना चांगल्या ग्रेडची अपेक्षा असते ते जास्त देतात (यावर वाद आहे, मार्क सैल सोडले म्हणून रेटिंग वाढतं की चांगलं शिकवलं म्हणून दोन्ही वाढतं, पण मास्तर लोकांनी आपल्या सोयीने उत्तर आधीच ठरवून टाकलंय). त्यामुळे फर्स्ट इयरला कंपल्सरी गणित शिकवणाऱ्याची तुलना तोच कोर्स आधी शिकवलेल्यांशी करा, किंवा त्याच्याच मागच्या तीन-चार सेमिस्टरशी करा, थर्ड इयरच्या छोट्या इलेक्टिव्हशी नको.

आणि दशांश चिन्हाच्या पुढचा दुसरा आकडा दिसला, ३.८७ वगैरे, तर तो पेनने खोडून टाका. तो तिथे काही सांगायला नाहीये, सॉफ्टवेअर छापतं म्हणून आहे.

आकडा पक्का आहे, पण कशाचा?

समजा सगळं व्यवस्थित आहे. साठपैकी पंचावन्न जणांनी भरलंय, चार सेमिस्टर सलग तोच आकडा येतोय. मग तो विश्वासाचा झाला ना? स्थिर आहे हे मान्य, पण रोज दहा मिनिटं पुढे असणारं घड्याळही स्थिरच असतं. ते नेमकं काय मोजतंय हा प्रश्न वेगळा, आणि इथे संशोधन वाचलं की जरा गार पडायला होतं.

सगळ्यात गाजलेला किस्सा डॉ. फॉक्सचा. १९७० च्या सुमारास अमेरिकेत तीन संशोधकांनी एका नटाला डॉ. मायरन फॉक्स म्हणून उभं केलं, माणसाच्या वागण्याला गणित लावण्यातले मोठे तज्ज्ञ अशी ओळख करून दिली, आणि त्याने डॉक्टर, मानसशास्त्राचे लोक, शिक्षण क्षेत्रातले लोक अशा श्रोत्यांसमोर लेक्चर ठोकलं. विषयातलं त्याला काही येत नव्हतं, भाषण मुद्दाम पोकळ ठेवलं होतं, एकमेकांना छेद देणारी विधानं, विनोद, भरपूर आत्मविश्वास. श्रोत्यांनी मस्त रेटिंग दिलं. १९७३ मध्ये हा पेपर छापून आला. एका प्रयोगावरून फार ताणू नये, तो छोटा होता आणि एकाच लेक्चरचा होता, सेमिस्टरभर तोच नट असता तर कुणीतरी पकडलंच असतं अशी माझी तरी आशा आहे.

१९९३ मध्ये नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथल यांनी आणखी विचित्र गोष्ट दाखवली. शिकवणाऱ्यांचे आवाज बंद केलेले तीस सेकंदांचे व्हिडिओ अनोळखी लोकांना दाखवले आणि गुण द्यायला सांगितले. त्या लोकांनी ना विषय ऐकला, ना एक शब्द, तरी त्यांचे गुण वर्गातल्या विद्यार्थ्यांनी सेमिस्टरच्या शेवटी दिलेल्या रेटिंगशी चांगलेच जुळले. म्हणजे शेवटी भरलेल्या फॉर्ममध्ये शिक्षकाच्या नुसत्या हावभावांचा वाटा बराच असावा. आणि २०१५ चा तो काल्पनिक लेक्चररचा पेपर तर वाचाच, एका मेडिकल कॉलेजच्या फीडबॅक फॉर्ममध्ये मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या शिक्षकाचं नाव घुसवलं, तर ६६ टक्के विद्यार्थ्यांनी त्यालाही रेटिंग दिलं, फोटो लावल्यावर प्रमाण ४९ टक्क्यांवर आलं, म्हणजे तरीही जवळजवळ निम्म्यांनी दिलंच.

बरं मग रेटिंगचा शिकण्याशी काही संबंध आहे की नाही? यावर दोन टोकं आहेत. १९८१ मध्ये पीटर कोहेन यांनी एकच कोर्स, अनेक तुकड्या, सगळ्यांना एकच परीक्षा अशा अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली आणि शिक्षकाचं रेटिंग आणि तुकडीचे मार्क यांचं कोरिलेशन ०.४३ निघालं (० म्हणजे काही संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी). बरीच वर्षं हाच आकडा सगळे तोंडावर फेकायचे. मग २०१७ मध्ये बॉब उट्टल आणि सहकाऱ्यांनी तेच अभ्यास पुन्हा उकरून काढले, त्यात नवे घातले, आणि दाखवलं की मोठमोठे आकडे चिमुकल्या अभ्यासांतून आलेत, पाच-दहा तुकड्यांवरचे. तुकड्या भरपूर असलेले अभ्यास बघितले, पोरांना आधीपासून काय येत होतं ते वजा केलं, तर संबंध जवळजवळ शून्य.

पण मला विचाराल तर सगळ्यात विचार करायला लावणारा अभ्यास अमेरिकेच्या एअर फोर्स ॲकॅडमीतला आहे, कॅरेल आणि वेस्ट यांचा, २०१० चा. इतर कॉलेजांत चांगली पोरं चांगल्या सरांकडे जातात, सोपा पेपर काढणाऱ्याकडे गर्दी होते, त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही. तिथे कॅडेटला सर निवडता येत नाही, तुकड्या रँडम पाडतात, सिलॅबस एक, परीक्षा एक, आणि त्या कोर्सनंतरचा पुढचा कोर्सही सगळ्यांना कंपल्सरी. म्हणजे कॅल्क्युलस एक कुणाकडे शिकलात त्याचा परिणाम कॅल्क्युलस दोनमध्ये दिसतो. निघालं असं की ज्यांच्या वर्गात पोरांना चालू कोर्समध्ये जास्त मार्क पडले त्यांना रेटिंगही जास्त मिळालं, इथपर्यंत सगळं छान, पण तीच पोरं पुढच्या कोर्समध्ये मागे पडली. अनुभवी, जास्त शिकलेल्या प्राध्यापकांकडची पोरं चालू कोर्समध्ये जरा कमी मार्क घेत होती, रेटिंगही कमी देत होती, आणि पुढच्या कोर्समध्ये सरस ठरत होती. इटलीच्या बोक्कोनी विद्यापीठात २०१४ मध्ये याच चालीचा निष्कर्ष निघाला, वर हेही की फॉर्म भरण्याच्या दिवशी हवा चांगली असेल तर रेटिंग सुधारतं.

असं का होत असेल? एक धागा हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गात सापडतो, २०१९ चा अभ्यास. एका गटाला गुळगुळीत, छान रचलेलं लेक्चर दिलं, दुसऱ्या गटाला तोच मजकूर, पण आधी स्वतः गणित सोडवा, अडका, शेजाऱ्याशी भांडा, मग उत्तर बघा. टेस्टमध्ये दुसरा गट पुढे, आणि "मी किती शिकलो असं वाटतं" या प्रश्नाला मात्र पहिला गट पुढे. डोकं दुखतं तेव्हा शिकतोय असं वाटत नाही, ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं ना, ते फसवं असतं. तुम्ही वर्गात पोरांना काम करायला लावणारे असाल आणि रेटिंग पडलं असेल तर एवढ्यावरून लेक्चरकडे परत वळू नका. त्याच अभ्यासात एक सोपा उपायही केला होता, सेमिस्टरच्या सुरुवातीलाच पोरांना हे सगळं सांगून टाकायचं, की बाबांनो जड जाणार आहे आणि जड जाणं हे काम होतंय याचं लक्षण आहे. त्याचा फरक पडतो.

नाव बघून दिलेले मार्क

हा भाग थोडक्यात, पण सोडायचा नाही. २०१५ मध्ये लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी एका ऑनलाइन कोर्समध्ये दोन शिकवणारे घेतले, एक पुरुष एक स्त्री, आणि दोघांनाही एकेका तुकडीत दुसऱ्याच्या नावाने शिकवायला लावलं. चेहरा दिसत नाही, आवाज नाही, असाइनमेंट सगळ्यांना एकाच वेळी तपासून परत. "वेळेवर परत देतात" या प्रश्नाला पुरुषाच्या नावाला ४.३५ आणि बाईच्या नावाला ३.५५. अभ्यास छोटा, ४३ विद्यार्थी. पण मास्ट्रिख्ट विद्यापीठात जवळजवळ वीस हजार फॉर्मवर २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासातही बायकांना कमीच मिळाले, तेही तुकड्या रँडम असताना आणि पोरांच्या मार्कांत फरक नसताना.

गंमत म्हणजे फॉर्मच्या रचनेनेही हे बदलतं. रिव्हेरा आणि टिलचिक यांनी २०१९ मध्ये दाखवलं की पुरुषांचा भरणा असलेल्या विषयांत १० पैकी गुणांऐवजी ६ पैकी केले की ती दरी मिटली, कारण १० म्हटलं की लोकांना "जीनियस"च डोळ्यासमोर येतो आणि जीनियस म्हणून बाई येत नाही. शिकवणं तेच, फक्त स्केल बदललं. त्यामुळे कमिटीत असाल तर स्केल कुणी ठरवलं आणि का ठरवलं एवढं विचारून बघा, बहुतेक वेळा "आधीपासून आहे" हेच उत्तर येईल.

मग कुठल्या प्रश्नांवर भरवसा ठेवायचा

ज्याचे विद्यार्थी हे थेट साक्षीदार आहेत, त्यावर. शिक्षक वेळेवर येतात का, शेवटच्या बाकावर ऐकू येतं का, फळ्यावरचं वाचता येतं का, शंका विचारली तर खेकसतात का, इंटर्नलचे पेपर तपासून परत दिले का. हे सांगायला विद्यार्थ्यापेक्षा चांगला माणूस जगात नाही, एचओडी तर नाहीच नाही.

"शिक्षकांचं विषयावर प्रभुत्व आहे" हा प्रश्न मात्र फॉर्ममधून सरळ काढून टाका. जो विषय पोरगा पहिल्यांदाच शिकतोय त्यातलं समोरच्याचं प्रभुत्व तो कसं जोखणार, तो आत्मविश्वासाला मार्क देणार, डॉ. फॉक्सला दिले तसे. "सिलॅबस आजच्या काळाला धरून आहे का" याचंही तेच. आणि "एकूण रेटिंग" हा प्रश्न ठेवायचा असेल तर शेवटी ठेवा आणि त्याला "मला हा वर्ग कसा वाटला" एवढाच अर्थ द्या. तोही काही फुकटचा नाही, वर्ग नकोसा वाटणारी पोरं यायचीच बंद होतात.

वर मॅकनेलच्या प्रयोगात "वेळेवर" हा साधा प्रश्नही नावाने रंगला ना, म्हणून प्रश्न मोजता येईल असा करा. "वेळेवर परत देतात, सहमत/असहमत" असं न विचारता "पहिल्या टेस्टचा पेपर किती दिवसांत परत मिळाला, एक आठवडा, दोन, तीन, मिळालाच नाही" असं विचारा. "शंकानिरसन उत्तम करतात" च्या जागी "या सेमिस्टरमध्ये तुम्ही किती वेळा शंका विचारली आणि किती वेळा उत्तर मिळालं". उत्तरं लगेच जमिनीवर येतात. आणि प्रश्न दहाच्या वर नेऊ नका, तीस प्रश्नांचा फॉर्म दिला की पोरगं पहिल्या प्रश्नाला जे देईल तेच खालपर्यंत एका रेषेत देत सुटतं, असे फॉर्म बाजूला काढून ॲव्हरेज पुन्हा काढून बघा एकदा, फरक पडलेला दिसेल.

कॉमेंट्स

खरा माल इथे असतो, आणि खरं विषही इथेच. रिपोर्ट आला त्याच रात्री वाचू नका, निदान एक दिवस जाऊ द्या. मग सगळ्या कॉमेंट एका शीटमध्ये टाका, शेजारी एक कॉलम करा आणि प्रत्येकीला एकेक लेबल द्या, वेग, आवाज, मार्किंग, नोट्स, स्वभाव, वर्गखोली-टाइमटेबल, आणि शेवटचं लेबल "काही नाही". दिसणं, कपडे, उच्चार, लग्न झालंय की नाही असल्या कॉमेंट "काही नाही" मध्ये, त्यावर एक सेकंदही घालवायचा नाही. शक्य असेल तर ही चाळणी मित्राला किंवा सहकाऱ्याला लावायला सांगा आणि तुम्ही फक्त उरलेलं वाचा, विशेषतः नवीन शिक्षकांनी, कारण चाळीस चांगल्या कॉमेंट विसरल्या जातात आणि एक घाणेरडी वर्षभर पुरते.

मग मोजा. "फार फास्ट जातात" आठ जणांनी लिहिलं आणि "फार स्लो" दोघांनी, तर वेगाबद्दल काहीतरी करायला हवं. चार-चार असेल तर वर्गाची तयारीच वेगवेगळी आहे, वेग बदलून उपयोग नाही, ज्यांना आधीचं येत नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय बघा. आणि एकट्यानेच लिहिलेली पण नेमकी कॉमेंट, "तिसऱ्या युनिटमध्ये उदाहरण न देता डायरेक्ट सूत्र लिहिलं, तिथून पुढे काही कळलं नाही", ही दहा "बेस्ट टीचर" पेक्षा जास्त कामाची. अशा कॉमेंट आपापल्या नोट्समध्ये त्याच पानावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी ते युनिट आलं की समोर दिसेल.

शेवटपर्यंत थांबूच नका

सेमिस्टर संपल्यावर घेतलेल्या फीडबॅकची मोठी अडचण ही की ज्याने दिला त्याला त्याचा काडीचा फायदा नाही. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यात स्वतःच एक कोरा कागद द्या, नाव न लिहिता, तीनच प्रश्न. कशामुळे शिकायला मदत होतेय, कशामुळे अडतंय, एक गोष्ट बदलायची तर कुठली. आणि मग, हे महत्त्वाचं, पुढच्याच लेक्चरला पाच मिनिटं काढून सांगा की काय काय आलं, त्यातलं काय बदलणार आणि काय बदलणार नाही आणि का नाही. "टेस्ट बंद करा असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्या बंद होणार नाहीत, पण तारीख एक आठवडा आधी सांगेन" एवढं स्पष्ट. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतं हे कळलं की शेवटचा फॉर्मही पोरं नीट भरतात. हा कागद वर पाठवायचा नाही, फाइलला लावायचा नाही, तो तुमचा.

आणि फॉर्मच्या दिवशी खाऊ वाटू नका हो. २००७ मध्ये याचाही प्रयोग झालाय, फॉर्मच्या आधी चॉकलेट दिलं की रेटिंग वाढतं, चॉकलेट शिक्षकाने दिलेलं नसलं तरी.

कमिटीत असाल तर

कॅनडात रायर्सन (आताच्या टोरांटो मेट्रोपॉलिटन) विद्यापीठात शिक्षक संघटना आणि प्रशासनाचा यावरून बरीच वर्षं वाद चालला आणि २०१८ मध्ये लवादाने निकाल दिला की बढती आणि कायम नेमणुकीसाठी शिकवण्याचा दर्जा मोजायला ही रेटिंग वापरायची नाहीत. विद्यार्थ्यांचा अनुभव कळायला त्यांचा उपयोग आहे हे त्याच निकालात मान्य केलंय. मला ही विभागणी पटते. कुणाची नोकरी या एका कागदावर टांगू नका, पण कागद बंदही करू नका, कारण वर्गाला न येणारा, अपमान करणारा, पेपर न तपासणारा शिक्षक बहुतेक वेळा पहिल्यांदा इथेच दिसतो.

प्रत्यक्षात काय करायचं तर रिपोर्टचा नमुना बदलून घ्या. ॲव्हरेज आणि रँक काढून टाका, त्याजागी प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी काय उत्तर दिलं याची पट्टी छापा, वर ठळक अक्षरात वर्गसंख्या आणि भरलेले फॉर्म. दहापेक्षा कमी फॉर्म असतील तर आकडे छापूच नका, दोन-तीन वर्षांचे एकत्र करून छापा. मागच्या सेमिस्टरपेक्षा एकदम घसरण दिसली तर पत्र काढायच्या आधी त्या माणसाशी बोला, विषय बदलला होता का, वर्ग दुप्पट झाला होता का, घरी काही होतं का. शिकवणं बघायचंच असेल तर वर्गात जाऊन बसा, दोन वेगवेगळ्या लोकांनी, दोन वेगवेगळ्या दिवशी. प्रश्नपत्रिका मागवा, तपासलेले पेपर मागवा, त्यावर पोरांना काय लिहून दिलंय ते वाचा. आणि पुढचा कोर्स शिकवणाऱ्याला विचारा की अमक्याकडून आलेली पोरं कशी असतात, त्याला बरोब्बर माहीत असतं, फक्त त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं.